ब्रेक पॅड बदलताना पिस्टन मागे जात नाही

प्रश्न: जुनी गाडी, काम उघड्यावर. पुढचे पॅड काढले, पण सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावूनही कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन हलत नाही. काय करू?

उत्तर १: जोर लावू नका. ब्लीड निपलला (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) नळी लावून अर्धा फेरा सैल करा, मग दाबा. पिस्टन सरकला तर बहुधा ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय, तो बदला. तरीही अडला तर पिस्टन गंजलाय. दाबून झाल्यावर निपल लगेच बंद करा, नाहीतर हवा शिरते. शेवटी ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) कराच.

उत्तर २: कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. आणि नुसत्या जॅकवर काम नको! सपाट, टणक जागा, मागच्या चाकांना अडसर (दगड किंवा ठोकळा), खाली जॅक स्टँड. निघण्यापूर्वी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबा.

उत्तर ३: स्लाइड पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.