जेलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाची हेपेटायटिस सीची टेस्ट करावी का?

कळवा_खाडी (धागाकर्ता)
मंडळी, मी ठाण्यात वकिली करतो, जास्त करून लीगल एडच्या केसेस, त्यामुळे जेलमध्ये येणंजाणं असतं. माझं म्हणणं एवढंच की जेलच्या गेटमधून जो कोणी आत येतो त्याला पहिल्या मेडिकलच्या वेळीच हेपेटायटिस सीची टेस्ट करायची का ते विचारावं, नको म्हणाला तर सोडून द्यावं, पण विचारावं सगळ्यांना. पॉझिटिव्ह निघाला तर औषध तिथेच सुरू करावं. हा लिव्हरचा व्हायरल आजार, रक्तातून पसरतो. सुई, टॅटू, दुसऱ्याचं ब्लेड, आणि आत या तिन्ही गोष्टी चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कागदावर कोणी लिहीत नाही. लागण झाली तरी वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, माणूस हिंडतो फिरतो, आणि वीस वर्षांनी पोटात पाणी झालं की धावाधाव. यावर लस नाही. पण औषध आहे, बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या, आणि शंभरातले ९५ च्या वर बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून हेपेटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत. २०२३ मध्ये नॅकोने (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) जेलमध्ये एचआयव्ही, टीबी, हेपेटायटिस अशी एकत्र मोहीमही काढली होती. पण मोहीम काय महिनाभर चालते, जेलमध्ये माणसं रोज येतात.
बोला.

घोडबंदर_जॅम
बोलतो ना. माझे वडील डायलिसिसवर आहेत. त्यांना हेपेटायटिस सी तिथेच लागला, त्या मशीनवरच, सेंटरचं नाव घेत नाही. आम्हाला कळलं कधी तर रुटीन रिपोर्ट आला तेव्हा, आणि मग वेगळं मशीन मिळेना, जिथे जावं तिथे पॉझिटिव्ह म्हटल्यावर तोंड वाकडं. या योजनेबद्दल आम्हाला एका माणसाने सांगितलं नाही, गोळ्या खिशातून आणल्या. आयुष्यात सिग्नल तोडला नाही त्या माणसाने. आणि तुम्ही म्हणताय चोर दरोडेखोरांना गेटवर टेस्ट, बराकीत गोळ्या. आधी डायलिसिसवाल्यांची लाइन संपवा, मग जेलकडे बघा.

नौपाड्याची_मावशी
घोडबंदर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग रास्त आहे. पण राग चुकीच्या दाराशी काढताय. डायलिसिसच्या पेशंटची ठरावीक काळाने टेस्ट व्हायलाच हवी, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली येईन.
मी सिस्टर होते, आता रिटायर. ही टेस्ट किती सोपी आहे ते सांगते. बोटाला टोचायचं, थेंब त्या कार्डाच्या खाचेत सोडायचा, वर दोन थेंब लिक्विड, आणि पंधरा वीस मिनिटं थांबायचं. सी पाशी एक रेघ आली म्हणजे कार्ड चालू आहे, टी पाशी दुसरी आली की पॉझिटिव्ह. कधी टी ची रेघ इतकी फिकट येते की ट्यूबलाइटखाली कार्ड तिरकं धरून दोघीतिघींनी बघायचं, आली का गं, आली का. आणि फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची.
पण इथेच गोची आहे. हे कार्ड फक्त अँटिबॉडी दाखवतं, म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली एवढंच. शंभरातल्या साधारण तिसेक जणांचं शरीर व्हायरस आपोआप काढून टाकतं, आणि औषधाने बरं झालेल्याचंही कार्ड जन्मभर पॉझिटिव्हच येतं. व्हायरस आत्ता आहे का नाही त्यासाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस मोजणारी टेस्ट, लागते. म्हणून नुसतं कार्ड करून "तुला आहे" सांगून मोकळं होणं हा गुन्हा आहे असं माझं मत.

खारघर_टेकडी
मावशी, मुद्द्याला हात घातलात. माझे वडील जेल खात्यात होते (कुठे ते सोडा), लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं, त्यामुळे हे सगळं जेवताना ऐकलेलं आहे. वकीलसाहेबांची आयडिया कागदावर छान आहे, प्रत्यक्षात काय होतं ऐका. कार्ड पॉझिटिव्ह आलं. आता सॅम्पल नाहीतर कैदी बाहेर न्यायचा. बाहेर न्यायचा तर कैदी पार्टी लागते, पोलीस हेडक्वार्टर्सवरून माणसं येणार, आणि ती सणाला, बंदोबस्ताला, व्हीआयपी दौऱ्याला आधी जातात. कोर्टाच्या तारखांनाच पार्टी मिळत नाही म्हणून लोक व्हीसीवर (व्हिडिओवरून) हजर होतात, तिथे लिव्हरसाठी कोण पाठवतंय. आज गार्ड नाही, पुढच्या मंगळवारी, असं करत करत त्याला जामीन होतो. चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी (खटला अजून चालू असलेले) आहेत, २०२२ च्या सरकारी आकडेवारीत ७५.८ टक्के. पत्ता दिवा, नाहीतर मुंब्रा, नाहीतर थेट गोंडा. कुठे शोधणार? मग टेस्ट केलीच कशाला, रजिस्टर भरायला?

कळवा_खाडी
@खारघर, टीबीसाठी ट्रूनॅट मशीन ठिकठिकाणी बसवली आहेत, आपल्या गोव्यात बनतात, त्यातच हेपेटायटिस सीची चिप टाकली की तासाभरात व्हायरल लोड मिळतो. माणूस न्यायचाच नाही, ट्यूब न्यायची. लिव्हर किती बिघडलंय तेही बहुतेक वेळा रक्ताच्या रिपोर्टमधल्या एसजीओटी आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून काढता येतं, सोनोग्राफीसाठी अडून बसायला नको. म्हणजे पार्टी लागेल ती सिरोसिसवाल्या, लिव्हर फार खराब झालेल्या थोड्यांना.
जामिनाचा मुद्दा खरा आहे. पण तोच माझ्या बाजूचा आहे हो! चारातले तीन जण उद्या आपल्याच रेल्वेच्या डब्यात, आपल्याच नाक्यावरच्या सलूनमध्ये येणार. तो उपचार न घेता बाहेर यावा यात तुमचा फायदा कसा?

ऐरोली_नॉट
एवढं डोकं कशाला लावायचं. टेस्ट करा आणि पॉझिटिव्हवाल्यांची बराक वेगळी करा. बाकीच्यांना धोका नको.

नौपाड्याची_मावशी
आणि तुमच्या सोसायटीत कोणाला निघाला तर त्याची लिफ्ट वेगळी का? एका ताटात जेवून, शिंकून, संडास वापरून हा पसरत नाही. वेगळ्या बराकीने एकच होईल, उद्यापासून कोणी बोट पुढे करणार नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचं ब्लेड द्या.

कोपरीचा_पक्या
मी कच्चा कैदी म्हणून आत राहून आलोय. केस खोटी होती, सुटलो, ते असो. तुम्ही सगळे बाहेरून बोलताय म्हणून लिहितो.
ब्लेडचं म्हणाल तर आत ब्लेडचे उभे दोन तुकडे करतात, एक तुकडा चार पाच जणांना, पाण्यात बुचकळला की झाला साफ. टॅटू शिवणकामाच्या सुईने, चप्पल जाळून त्याची काजळी शांपूत कालवायची आणि टोचायचं, एका रात्रीत तीन चार जण लाइनीत. सुई तीच. कोणाला काय कळतंय.
पण माझा मुद्दा वेगळा आहे. वकीलसाहेब म्हणतात "नको म्हणाला तर सोडा". साहेब, आत नको म्हणता येतं का? हवालदार ओरडतो चला सर्कलमधले सगळे बाहेर, जोडी जोडीने बसा, हात पुढे करा. कशासाठी ते विचारणारा एक जण असतो आणि त्याला पुढचा आठवडा जड जातो. आणि रिझल्ट? आमच्याकडे रक्त घेतलं होतं, कशाचं ते आजपर्यंत माहीत नाही, नंतर एका पोराला नाव पुकारून सगळ्यांसमोर सांगितलं तुला दवाखान्यात जायचंय, पिवळा रिपोर्ट आलाय. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं अंथरूण संडासाच्या बाजूला. त्याला पुढे गोळी मिळाली का नाही देव जाणे, तो दुसरीकडे ट्रान्सफर झाला. म्हणून मी टेस्टच्या विरोधात आहे. म्हणजे टेस्टच्या नाही, जेलवाल्यांनी करायच्या टेस्टच्या.

खारघर_टेकडी
पक्या, हे पटलं. (माझ्या वडिलांना पटलं नसतं.)

कळवा_खाडी
पक्याभाऊ, यावर मी भांडणार नाही. मग असं करू, टेस्ट करणारा माणूस खाकीतला नको, जिल्हा रुग्णालयाचा किंवा एखाद्या संस्थेचा हवा, आणि रिझल्ट सांगताना हवालदार दाराबाहेर. इंग्लंडच्या जेलमध्ये सगळ्यांना विचारतात, नको म्हणायची मुभा असते, आणि काम आरोग्य खात्याचं असतं, जेल खात्याचं नाही. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतही तेच आहे, जेलमधलं आरोग्य बाहेरच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेशी जोडलेलं असावं आणि कैद्याला बाहेरच्यासारखाच दर्जा मिळावा. आणि सुटताना उरलेल्या गोळ्या हातात द्यायच्या, चिठ्ठीवर जवळच्या सरकारी उपचार केंद्राचं नाव.

घोडबंदर_जॅम
परत तेच. बाहेरच्यासारखा दर्जा म्हणताय तर बाहेर काय दर्जा आहे तो माझ्या वडिलांना विचारा.
आणि गोळ्या हातात देणार? संध्याकाळी सुटलेला माणूस, खिशात वीस रुपये, तो त्या गोळ्या खाणार का स्टेशनबाहेर विकणार?

नौपाड्याची_मावशी
विकून काय मिळणार, सरकारी दवाखान्यात फुकट आहेत त्या. २०१३ ला अमेरिकेत एक गोळी हजार डॉलरला होती तेव्हा म्हणाला असतात तर ठीक. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना बनवायचं लायसन्स मिळालं आणि भाव कोसळले, म्हणून तर सरकारला फुकट वाटणं परवडतंय. तुमच्यासाठी आणि त्या दिव्याच्या पोरासाठी तीच बाटली आहे, एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.
आणि वडिलांचं कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी परत व्हायरल लोड केलात का? नसेल तर ते आधी करा. कार्ड टेस्ट नका करू, ती पॉझिटिव्हच येणार आणि डायलिसिसवाले परत तोंड वाकडं करतील. रिपोर्टवर "नॉट डिटेक्टेड" लिहून आलं की त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

घोडबंदर_जॅम
नाही केला. कोणी सांगितलंच नाही. कुठे होतो?
(बाकी जेलबद्दल माझं मत तेच आहे.)

नौपाड्याची_मावशी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

कोपरीचा_पक्या
मावशी मला पण करा. मी पण तोच अर्धा ब्लेड वापरलाय.