टिनुबूंनी पेट्रोलची सबसिडी काढली: धाडस की घिसाडघाई?

हिशेबी
नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी २९ मे २०२३ ला शपथविधीच्या भाषणातच सांगून टाकलं, पेट्रोलची सबसिडी संपली. लिटरमागे दोनशे नायरांच्या आतला दर दोन दिवसांत पाचशेच्या घरात गेला. शिव्या भरपूर पडल्या, पण २०२२ या एका वर्षात सबसिडीवर ४.३९ लाख कोटी नायरा गेले होते. त्यातलं स्वस्त पेट्रोल सीमेपलीकडे बेनिन आणि कॅमेरूनमध्ये विकलं जायचं. म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीत तेल आपल्या खिशातून! माझ्या मते निर्णय योग्यच होता.

आडवा_प्रश्न
निर्णयाला विरोध नाही, क्रमाला आहे. सबसिडी काढून दोन आठवडे होतात न होतात तोच, १४ जूनला नायराही मोकळा सोडला, म्हणजे डॉलरचा दर बाजारावर सोपवला. तेव्हा सरकारी रिफायनऱ्या बंद होत्या, पेट्रोल बाहेरून यायचं, पैसे डॉलरमध्ये मोजायचे.
हिशोब सोपा आहे. लिटर ८० सेंटला पडतो असं धरा. डॉलर ४७० नायरांना होता तेव्हा ३७६ नायरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉलर दीड हजारावर गेला, तोच लिटर १२०० ला. पंपावर मात्र दर सहाशेच्या आसपास धरून ठेवलेला. मधला फरक कोणी भरला? सरकारी तेल कंपनीने. सप्टेंबर २०२४ मध्ये पुरवठादारांची देणी थकल्याचं तिनेच कबूल केलं. पुढच्या दाराने हाकललेली सबसिडी मागच्या दाराने आत!
आपल्याकडे जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला साधारण ५० पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दर मोकळा केला. फारशी बोंब झाली नाही.

हिशेबी
आपल्याकडे रिफायनऱ्या होत्या, गंगाजळी होती, वर नेमकं त्याच वेळी कच्चं तेल उतरलं. तिथे २०१२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोनाथन यांनी १ जानेवारीला दर ६५ वरून १४१ केला; देशभर संप झाला आणि तो ९७ वर आणावा लागला. हळूहळू जायला वेळ कुठे होता? २०२३ च्या अर्थसंकल्पात सबसिडीची तरतूदच जूनपर्यंतची होती.

आडवा_प्रश्न
ती मुदत आधीचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांच्या काळातली. मग धाडसाचं श्रेय टिनुबूंना कशाला?

पाटावरवंटा
तुमच्या दोघांच्या हिशोबात जनरेटर आलाच नाही. वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात ग्रिडमधून जेमतेम ४-५ हजार मेगावॉट वीज मिळते. तिथला शिंपी, न्हावी, मासळी बर्फात ठेवणारी बाई, सगळे पेट्रोलच्या छोट्या जनरेटरवर. पेट्रोल महाग झालं की गाडीभाडं वाढतंच, शिवाय शिवणाची मजुरीही वाढते.
किमान वेतन जुलै २०२४ मध्ये ३० हजारांवरून ७० हजार केलं. ऐकायला छान. पण ३० हजारांत १८५ च्या दराने १६२ लिटर यायचे. हजाराच्या दराने ७० हजारांत ७०. तेही पगारदारांनाच, पदपथावरच्या विक्रेत्याला काय?
भरपाई म्हणून दीड कोटी कुटुंबांना तीन महिने २५-२५ हजार नायरा देणार होते. जानेवारी २०२४ मध्ये निधी खासगी खात्यात वळवल्याच्या आरोपावरून योजना राबवणाऱ्या मंत्र्यांनाच निलंबित केलं, योजनाही थांबवली. आधी लाभार्थ्यांची खाती तपासायची, पैसे पोचवायचे, मग दर वाढवायचा. इथे सगळं उलटं.

तिसरी_घंटा
डॉलरचा मुद्दा एकांगी झाला. आधी वशिला असलेल्याला बँकेतून डॉलर साधारण ४६० ला मिळायचा आणि बाहेर काळ्या बाजारात तो ७४० ला विकता यायचा. कारखाना न काढता नफा! डॉलर मिळेनात म्हणून विमान कंपन्यांचे पैसे अडकले, एमिरेट्सने २०२२ मध्ये उड्डाणं थांबवली; ती ऑक्टोबर २०२४ मध्ये परत सुरू झाली. तिथल्या खासगी दांगोटे रिफायनरीतून सप्टेंबर २०२४ पासून पेट्रोलही येऊ लागलं. महागाईचा दर डिसेंबर २०२४ ला ३४.८ टक्के होता, जानेवारीत २४.४८.

पाटावरवंटा
एका महिन्यात दहा टक्के? महागाई ज्या वर्षाशी तुलना करून मोजतात ते पायाभूत वर्ष २००९ वरून २०२४ वर नेलं आणि मोजणीतला अन्नधान्याचा भार साधारण ५२ वरून ४० टक्क्यांवर आणला. बाजारात टोमॅटो तेवढ्यालाच.

तिसरी_घंटा
मान्य. मग नव्या मोजणीतलेच दोन आकडे घ्या: जानेवारी २०२५ ला २४.४८, ऑक्टोबरला १६.०५. हा उतार तरी खरा ना?

पाटावरवंटा
खरा. पण तो चढण्याच्या वेगाचा उतार आहे. भाव चढतोच आहे.