मदत हवी आहे: मेव्हनमध्ये न वापरलेले क्लास काढताना हवे असलेले क्लासही जात आहेत

नमस्कार,

मी पुण्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत काम करतो. भोर आणि वेल्हे भागातील दूध संकलन केंद्रांवर वजनकाट्यावरचा आकडा वाचून पावती देणारे आमचे जावा सॉफ्टवेअर चालते. घाटातल्या गावांमध्ये मोबाइलची रेंज धड नसल्यामुळे ४१ एमबीची जार फाइल (सगळे क्लास, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, एकत्र बांधलेली फाइल) उतरवताना मध्येच तुटते. म्हणून मी मेव्हन या जावा प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाच्या शेड प्लगइनमधील ‘मिनिमाइझजार’ हा न वापरलेले क्लास काढून टाकणारा पर्याय सुरू केला आणि फाइल १७ एमबीवर आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला एका केंद्रावरून फोन आला, “दादा, कॅन काट्यावर ठेवलाय, पण आकडा शून्यावरून हलत नाही.” लॉगमध्ये ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ (क्लास सापडला नाही) ही चूक होती. मी जुनी फाइल परत चढवेपर्यंत तिथल्या ताईंनी साठेक जणांचे दूध वहीत हाताने लिहून घेतले, आणि ही गोष्ट मला फार लागली आहे.

कारण माझ्या लक्षात आले आहे. प्रत्येक बनावटीच्या काट्यासाठी आमच्याकडे त्या काट्याशी बोलणारा वेगळा अडॅप्टर क्लास आहे, त्याचे नाव केंद्राच्या सेटिंग फाइलमध्ये लिहिलेले असते आणि तो ‘क्लास.फॉरनेम’ने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून शोधून, चालू होतो. मिनिमाइझजार मुख्य प्रोजेक्टचे क्लास तसेच ठेवतो. मात्र डिपेन्डन्सींमधले (प्रोजेक्ट ज्यांवर अवलंबून आहे त्या लायब्ररी व मॉड्यूलमधले) क्लास बायटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, कोण कोणाला वापरतो हे पाहून ठेवतो किंवा काढतो, आणि सेटिंग फाइलमधले नाव त्याच्या दृष्टीने केवळ मजकूर असतो. आमचे अडॅप्टर वेगळ्या मॉड्यूलमध्ये असल्यामुळे ते सगळे निरुपयोगी ठरले. आयडीईमध्ये (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्राम पूर्ण क्लासपाथवरून, म्हणजे सगळ्या मूळ लायब्ररींसह, चालतो आणि युनिट टेस्ट पॅकेजिंगच्या आधीच होऊन जातात, त्यामुळे दोन्हीकडे काहीच चुकलेले दिसले नाही.

मग मी त्या मॉड्यूलसाठी काय ठेवायचे, काय वगळायचे हे सांगणारा फिल्टर लिहून फक्त अडॅप्टरचे पॅकेज ‘इन्क्लूड’मध्ये दिले. अडॅप्टर सापडले, पण त्याच मॉड्यूलमधला चेकसम (आकडा नीट आला का हे पडताळणारी बेरीज) तपासणारा क्लास गायब झाला, कारण एखाद्या आर्टिफॅक्टसाठी (एका मॉड्यूलच्या किंवा लायब्ररीच्या जारसाठी) ‘इन्क्लूड’ दिले की त्यातले न सांगितलेले बाकीचे सारे क्लास आपोआप वगळले जातात. आता तिथे दोन फुल्या (**, म्हणजे ‘सगळे’) देऊन संपूर्ण मॉड्यूलच ठेवले आहे. तरीही काटा संगणकाला जोडणाऱ्या सिरियल पोर्टच्या ज्या लायब्ररीवर अडॅप्टर उभे आहेत, तिचे क्लास माझ्याकडील आवृत्तीत निघूनच जातात, म्हणून तिच्यासाठीही तसाच फिल्टर लिहावा लागला. अशी साखळी किती लांब जाईल याची मला खरी काळजी वाटते. आम्ही वापरत असलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या जारमध्ये विंडोज, लिनक्स, मॅक अशा सर्वांसाठीच्या नेटिव्ह (त्या-त्या प्रणालीसाठीच्या) फाइली असतात, ज्यांना हा पर्याय हातही लावत नाही. आमची सगळी केंद्रे विंडोजवर असल्याने मॅक आणि लिनक्सचे फोल्डर मी ‘एक्स्क्लूड’ने काढले, आणि हा भाग मात्र बिनतक्रार चालतो आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांना माझे विचारणे असे आहे की, फिल्टरची यादी वाढवत जाण्याऐवजी मुख्य प्रोजेक्टमध्ये एक नोंदणी क्लास लिहून त्यात सर्व अडॅप्टरचे थेट उल्लेख केले, म्हणजे त्यांची अवलंबित्वे प्लगइनला आपोआप दिसतील, तर ती पद्धत पुढे टिकाऊ ठरते का? की न वापरलेला कोड काढणाऱ्या प्रोगार्ड या दुसऱ्या साधनाकडे वळून ‘कीप’चे (काय ठेवायचे ते सांगणारे) नियम लिहावेत, जिथे ‘प्रिंटयूसेज’मुळे काय काय काढले गेले याची यादी तरी हातात मिळते? शिवाय पॅकेजिंगनंतरच्या इंटिग्रेशन टेस्टच्या टप्प्यात तयार झालेली जारच चालवून प्रत्येक अडॅप्टर एकदा उघडून पाहावा, असे माझ्या मनात आहे. कोणी मेव्हनच्या फेलसेफ प्लगइनने (जो इंटिग्रेशन टेस्ट चालवतो) अशी तपासणी बसवली असल्यास, टेस्टच्या क्लासपाथवर मूळ डिपेन्डन्सी येऊ न देता ती जार वेगळ्या प्रोसेसमध्ये कशी चालवली, तेवढे कृपया सविस्तर सांगावे. पुढचे अपडेट पाठवण्यापूर्वी मला हे पक्के करून घ्यायचे आहे.