खासगी नौकेतून पाहिलेली मुंबई : आपापले अनुभव लिहावेत

गोदीकाठ :
परवा अटल सेतूवरून उलव्याकडे जात असताना बसच्या खिडकीतून दक्षिणेला, नांगरलेल्या जहाजांच्या पलीकडे, एक पांढरे शीड ठिपक्याएवढे दिसले आणि जानेवारी २०११ मधली एक संध्याकाळ आठवली. बाबा मुंबई बंदरात चौतीस वर्षे टॅली क्लार्क, म्हणजे चढत्या-उतरत्या मालाची मोजदाद ठेवणारे कारकून, होते आणि त्यांची बहुतेक नोकरी इंदिरा गोदीत झाली. इतकी वर्षे पाण्याशेजारी काढूनही नोकरीच्या काळात ते कधी बोटीत बसले नाहीत, आणि आम्हालाही घारापुरीच्या पुढे कधी नेले नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही भावंडांनी वर्गणी काढून गेटवेजवळची एक शिडाची नौका दोन तासांसाठी ठरवली. त्या पैशांत अलिबागला चार दिवस राहून आलो असतो, हे आईने जाताना आणि येताना असे दोनदा सांगितले.

नौका धक्क्याला लागत नाही, ती दूर बोयाला बांधलेली असते आणि तिथपर्यंत लहान होडीतून जावे लागते, ही गोष्ट आम्हाला धक्क्यावर पोचल्यावर कळली. पायऱ्यांवर शेवाळ होते. आईच्या एका हातात केळवणाला नेतात तसा चार पुडांचा डबा होता आणि तो ती कोणाच्याही हाती द्यायला तयार नव्हती. अखेर तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्याने, आधी डबा आणि मग आई अशा क्रमाने दोघांना होडीत घेतले.

इंजिन बंद करून शीड वर चढवले तेव्हा जी शांतता झाली तिची मला आजही नीट आठवण आहे, कारण तिच्यात फक्त दोरांची करकर आणि आईचे पुटपुटलेले रामरक्षेचे शब्द ऐकू येत होते. नौका एका अंगाला कलली, ताज आणि गेटवे मागे सरकून पोस्टकार्डाएवढे झाले आणि उत्तरेकडे गोदीच्या क्रेन दिसू लागल्या. बाबांनी चष्मा पुसला आणि तांडेलाला भरतीची वेळ विचारली. ती ऐकल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आता एखादी बोट आत घेतील.” पंधरा-वीस मिनिटांत दोन टग एका मालवाहू जहाजाला गोदीच्या तोंडाकडे ओढत नेताना खरोखरच दिसले. गोदीतले पाणी दरवाजे लावून अडवलेले असते, म्हणून त्यांनी इतकी वर्षे जहाजे पाहिली ती जवळजवळ स्थिर पाण्यावर उभी असलेली. तेच जहाज बाहेर लाटांवर हलते कसे, हे ते त्या दिवशी डबा उघडायचे विसरून पाहत बसले होते.

तुमच्यापैकी कोणी असे गेले असेल तर अवश्य लिहावे. मुंबईच असली पाहिजे असे नाही.

पार्लेकर माई :
डब्यात काय होते ते आधी सांगावे, बाकीचे मी नंतर वाचते.

गोदीकाठ :
माई, साटोऱ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे गोड लोणचे होते. साटोऱ्या तांडेलाला फार आवडल्या.

शिळा वडापाव :
माझ्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे की नौकेत बसण्यापूर्वी अर्धा तास दोन वडापाव आणि वर एक ग्लास उसाचा रस घेऊ नये. नौका चालू होती तोपर्यंत मी ठीक होतो, पण फोटोंसाठी ती मध्येच थांबवली आणि आडव्या लाटा लागू लागल्या तेव्हा माझ्या पोटाने ताबडतोब राजीनामा दिला. तेथील खलाशाने मला खालच्या केबिनमधून वर आणून बसवले आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगितली. केबिनमध्ये डोळ्यांना सर्व काही स्थिर दिसते आणि कानातला तोल मात्र हलण्याची खबर देत राहतो, त्या दोघांच्या भांडणात पोटाचा बळी जातो असे त्याचे म्हणणे होते. ते मला पटले, परंतु फार उशिरा पटले. माझ्या साडूंनी त्या प्रसंगाचे चित्रीकरण केले आहे आणि ते दर दिवाळीला दाखवले जाते.

उन्हाळी पाऊस :
मी थोडी तक्रार करणार आहे, कारण सगळेच गोड लिहीत आहेत. आम्ही गेल्या वर्षी ‘सूर्यास्ताची सफर’ अशी जाहिरात पाहून पैसे भरले होते. आमचे दोन तास आम्ही धक्क्यावर उभे राहिल्यापासून मोजले गेले, त्यामुळे प्रत्यक्ष पाण्यावर आम्ही जेमतेम सव्वा तास होतो, आणि छायाचित्रात दाखवलेली नौका ‘दुरुस्तीला गेली’ असल्याने तिच्या जागी दुसरी, बरीच लहान नौका आली. हे सगळे मी सोसले असते, पण सूर्य समुद्रात बुडण्याऐवजी ताजमहाल हॉटेलच्या मागे बुडाला. सासूबाईंनी मला विचारले की हा सूर्यास्त आपल्याला कुलाब्याच्या फुटपाथवरून फुकट दिसला नसता का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

माजी नौसैनिक :
उन्हाळी पाऊस, नौकेच्या मालकाचे आपण जे काही करायचे ते करावे, परंतु सूर्याला दोष देऊ नये. गेटवे हे शहराच्या पूर्व अंगाला, बंदराच्या आतल्या पाण्यावर आहे आणि तेथून समोर दिसतात ते घारापुरी आणि उरणकडचे डोंगर. त्यामुळे नौकेतून सूर्योदय चांगला दिसतो आणि सूर्यास्त शहरामागेच होणार. सूर्य पाण्यात बुडताना पाहायचा असेल तर कुलाब्याचे टोक वळसा घालून पश्चिमेला यावे लागते. त्या टोकाच्या दक्षिणेला खडकांवर १८७५ मध्ये बांधलेले प्रॉन्ग्जचे दीपगृह आहे, आणि दोन तासांच्या सफरीत तेवढे अंतर सहसा घेतले जात नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या बाजूने निघणाऱ्या नौका असतात, त्यांचा सूर्यास्त खरा असतो.

मी स्वतः शिडाच्या नौकांवर पुष्कळ वर्षे काढली असल्याने आणखी एक गोष्ट सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो ऊन चढू लागले की पडतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. ज्यांना शिडाचा खरा अनुभव हवा आहे त्यांनी दुपारी तीननंतरची वेळ घ्यावी, कारण सकाळी दहा-अकराला शीड पडद्यासारखे लोंबत राहते आणि मग इंजिनावरच फिरावे लागते. नौका कलली की नवखे लोक घाबरतात आणि ते स्वाभाविक आहे, परंतु मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाला जड कील (खाली पाण्यात उतरलेला वजनदार कणा) असतो आणि ती जितकी कलते तितक्या जोराने तो तिला परत उभी करू पाहतो. गोदीच्या दक्षिणेला नौदलाचा भाग आहे, तेथे तांडेलाने कॅमेरे खाली ठेवायला सांगितले तर वाद घालू नये.

पार्लेकर माई :
आता वाचले. गोदीकाठ, तुमच्या आई रामरक्षा म्हणत होत्या ते ऐकून बरे वाटले, कारण मी अथर्वशीर्ष म्हणत होते आणि घरचे सगळे मला हसले होते.

आमचा प्रसंग धाकट्या सुनेच्या डोहाळजेवणाचा आहे. आमच्या लहानपणी बागेतले, चांदण्यातले आणि नावेतले अशी डोहाळजेवणे करत, पण नावेतले म्हणजे पुठ्ठ्याची नाव, मागे निळी चादर आणि मध्ये पाटावर बसलेली गर्भारशी. धाकट्या चिरंजिवांनी ठरवले की खरीच नाव आणायची. डॉक्टरीणबाईंना विचारून, सातव्या महिन्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, शिडाची नव्हे तर इंजिनाची रुंद नौका ठरवली आणि बंदराच्या आतल्या पाण्याबाहेर जायचे नाही असे बजावून ठेवले. हिरवी साडी, शेवंती-मोगऱ्याचे दागिने, धनुष्यबाण, सर्व साहित्य होते. मोगऱ्याची वाडी पहिल्या पाच मिनिटांत वाऱ्याने उडाली आणि घारापुरीच्या दिशेने गेली.

खरी गंमत वाट्यांची झाली. एका वाटीखाली पेढा आणि एका वाटीखाली बर्फी झाकून सुनेपुढे ताट ठेवले, एवढ्यात शेजारून एक मोठी लाँच गेली आणि तिच्या लाटेने आमची नौका अशी डोलली की ताट डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरले, दोन्ही वाट्या उलटल्या आणि पेढा व बर्फी एकमेकांना चिकटून विहीणबाईंच्या पायाशी येऊन थांबली. विहीणबाई म्हणाल्या, जुळे होणार. पुढे मुलगी झाली, एकच झाली, आणि तिला बोट लागते.

शिळा वडापाव :
माई, नातीला सांगा की ती एकटी नाही.

वाळूघड्याळ :
एक नाजूक प्रश्न आहे. अशा नौकांवर स्वच्छतागृह असते का? आईला मधुमेह आहे आणि तिचा सगळा निर्णय यावर अवलंबून आहे.

उन्हाळी पाऊस :
मोठ्या नौकांवर खाली केबिनमध्ये असते, लहान उघड्या शिडाच्या नौकांवर नसते. पैसे भरण्यापूर्वी नेमके कोणत्या नौकेतून नेणार ते लेखी घ्यावे. का, ते मी वर लिहिलेच आहे.

कोळीवाडा :
मी करंजाचा. आजोबा तांडेल होते, वडील तांडेल होते आणि मी बँकेत आहे, पण माझा मावसभाऊ गेटवेला अशाच एका नौकेवर सुकाणू धरतो. तुम्ही ज्याला साटोऱ्या दिल्या तो कदाचित आमच्याच बाजूचा असेल, कारण त्या नौकांवरची पुष्कळ माणसे उरण, करंजा, थळ, रेवस या पट्ट्यातली असतात. घरच्या मासेमारीत भागत नाही म्हणून ती पांढरा गणवेश घालून पाहुण्यांना सरबत देतात. आमच्या जाळ्यांचे बोये पाण्यावर तरंगत असतात, त्यांच्यावरून वेगाने इंजिन नेले की जाळे कापले जाते आणि एका घराचा हंगाम जातो. भावाला ते दिसतात, कारण त्याच्या घरी तसेच जाळे आहे. परगावाहून आणलेल्या चालकाला ते दिसतीलच असे नाही.

लाइफ जॅकेटमुळे फोटो बिघडतात म्हणून ते काढून ठेवणारे पाहुणे भाऊ रोज पाहतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या काढून जितके हाती लागले तितके लोक वर ओढले. आमच्या घरात ही हकीकत जेवताना सांगितली जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या बोटीला याच पाण्यात वेगवान बोटीची धडक बसली, हे तर सर्वांना आठवत असेल. तेव्हा जॅकेट घालूनच फोटो काढावेत, नारिंगी रंग काही इतका वाईट दिसत नाही.

वाळवंटातला मालवणी :
दुबईचे लिहू का? कंपनीने एकदा आम्हा बारा जणांना मरिनातून दोन तास नेले होते. तेथे नौका थेट फुटपाथला लागलेली असते, आपण बूट काढून आत जातो, शेवाळाची पायरी वगैरे काही नाही, फक्त चढण्यापूर्वी प्रत्येकाचे ओळखपत्र तपासले गेले. मरिनाच्या कालव्यातून बाहेर पडलो, अडीचशे मीटर उंचीच्या आकाशपाळण्याखालून गेलो, पाम बेटाला वळसा घातला आणि बुर्ज अल अरबसमोर थांबून सर्वांनी एकाच प्रकारचे फोटो काढले. पाणी इतके निवळ होते की मला ते खोटे वाटत होते.

लक्षात राहिला तो डेकवर दोर गुंडाळणारा हर्णैचा मुलगा. मी फोनवर घरी मराठीत बोलत होतो ते ऐकून तो जवळ आला आणि त्याने विचारले, “गावी पाऊस लागला काय?” मग आम्ही बुर्ज अल अरबकडे पाठ करून वीस मिनिटे हर्णैच्या मासळीच्या लिलावाबद्दल आणि समोरच्या सुवर्णदुर्गाबद्दल बोललो. त्या किल्ल्यावर मी कधी गेलेलो नाही आणि तो लहानपणी मामाच्या होडीतून कितीतरी वेळा गेला होता. साहेबांनी नंतर विचारले की तो ओळखीचा होता का, तेव्हा मी हो म्हटले.

वाळूघड्याळ :
सर्वांचे आभार. आई तयार झाली आहे. ती जूनमध्ये नागपूरहून येते आहे, तेव्हाचे ठरवू का?

कोळीवाडा :
जूनमध्ये नको. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचसुद्धा बंद असतात आणि या नौका वर ओढून ठेवतात. ऑक्टोबर सरल्यावर या, आणि पायऱ्यांची भीती असेल तर तारीख तिथी पाहून ठरवा. आमच्याकडे हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणून संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असते, तीही उधाणाची, आणि पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात. अष्टमीच्या सुमाराला पाण्याला भांग असते, म्हणजे चढउतार कमी असतो आणि संध्याकाळी सहालाच भरती असते. गोदीकाठ यांच्या आईंना शेवाळ लागले, ते पाणी नुकतेच भरू लागले असेल तेव्हाचे.

गोदीकाठ :
पंचांग काढून पाहिले. तो दिवस खरेच एकादशीच्या पुढचा होता, म्हणजे तुमच्या हिशेबाने पाणी दुपारनंतरच भरू लागले असणार. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला आणखी दहा प्रश्न विचारले असते.

वाळूघड्याळ :
मग आईचे तिकीट पुढे ढकलते. कार्तिक शुद्ध नवमी धरली तर नवाचे पाऊणपट पावणेसात होतात. पाचला चढून सातला उतरायचे, हे बरोबर आहे ना?

कोळीवाडा :
बरोबर आहे. पाचला पाणी चढते असेल आणि उतरताना जवळजवळ पुरी भरती असेल, आईंना दोनच पायऱ्या लागतील. साटोऱ्या आणायला विसरू नका.