वेल्ह्याच्या पुढचं गाव, हाताला लिम्फेडेमा (लिम्फचं पाणी साठून आलेली सूज): बँडेजिंग आणि स्लीव्हसाठी पुण्याला किती खेपा?

गुंजवणी

मावशी, वय ५४, उजव्या हाताने काम करणारी. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, नंतर शेक (रेडिएशन). याला दोन वर्षं झाली. गेल्या भातलावणीपासून डावा हात सुजलाय. मनगटापासून दंडापर्यंत आणि थोडी पंजावरही. बोटाने दाबलं की खड्डा पडतो. सकाळी कमी, दिवेलागणीला जास्त. ताप नाही, लाली नाही. डॉक्टरांनी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून गुठळी नसल्याची खात्री केली, मूळ आजार परतलेला नाही हेही तपासलं आणि चिठ्ठीवर 'कॉम्प्रेशन स्लीव्ह' (हातावर दाब देणारी घट्ट बाही) लिहून दिलं.

दुकानातून एम साइझची आणली. ती दंडाला रुतते आणि घातली की पंजा आणखी फुगतो. दुकानदार म्हणतो एल घ्या. गाव वेल्ह्याच्या पुढे, स्वारगेटला एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. रोज फिजिओथेरपीला येणं होणार नाही. कमीत कमी खेपांत हे नीट कसं बसवायचं? घरी काय करता येईल? गावातल्या एक बाई तेल लावून हात उतरवून देते म्हणतात, ते करावं का?

लसिका_फिजिओ

एल घेऊ नका आणि एमही सध्या ठेवून द्या. स्लीव्ह सूज उतरवत नाही, उतरलेली सूज धरून ठेवते. आधी बँडेजने हात उतरवायचा, माप हलायचं थांबलं की त्या मापाची स्लीव्ह घ्यायची. सुजलेल्या हाताचं माप देऊन घेतलेली स्लीव्ह हात उतरल्यावर ढिली पडते आणि पैसे वाया जातात.

तेलाच्या मालिशला स्पष्ट नाही म्हणा. लसिकेच्या, म्हणजे लिम्फच्या बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोराने चोळलं की तिथलं रक्ताभिसरण वाढतं, आणखी पाणी झिरपतं आणि हात जास्त फुगतो. गरम पिशवीचा शेकही तसाच नडतो. लिम्फ ड्रेनेजची मालिश वेगळी असते. ती कोरड्या हाताने करतात, कातडी फक्त हलकी ताणून सोडतात आणि सुरुवात हातापासून करत नाहीत. आधी मान, मग उजवी काख आणि डावी जांघ, म्हणजे पाण्याला जायला वाट मोकळी होते. हात सगळ्यात शेवटी. पण तुमच्या परिस्थितीत मुख्य काम बँडेजच करेल, मालिश नीट जमली नाही तरी अडत नाही.

दुकानात 'शॉर्ट स्ट्रेच' (कमी ताणणारं बँडेज) असंच मागा. क्रेप बँडेज देऊन 'एकच आहे' सांगतील, तर ते एक नाही. क्रेप ओढलं की दुपटीच्या वर ताणतं, शॉर्ट स्ट्रेच साधारण दीडपटीला अडतं. काउंटरवरच ओढून बघा. क्रेप झोपेतही सतत आवळत राहतं आणि स्नायू हलले की स्वतःच ताणून जागा देतं. शॉर्ट स्ट्रेच स्वस्थ असताना सैल असतं, पण मूठ आवळली की भिंतीसारखं उभं राहतं, त्या दाबाने पाणी वर ढकललं जातं. म्हणून ते रात्रीही ठेवता येतं.

एका हाताला लागणारं सामान असं: सुती स्टॉकिनेटची नळी, बोटांसाठी ४ सेमीची जाळीदार पट्टी, १० सेमीचे सॉफ्ट रोल (बँडेजखालच्या मऊ अस्तराच्या पट्ट्या) दोन, आणि शॉर्ट स्ट्रेच ६ सेमीचं एक, ८ सेमीचं एक, १० सेमीची दोन. प्रत्येक ५ मीटर. दोन संच घ्या, एक धुण्यात राहतो.

क्रम: हात धुऊन पूर्ण कोरडा. स्टॉकिनेट. बोटं एकेक करून, नखं उघडी ठेवून. मग सॉफ्ट रोल, तळव्यात आणि कोपराच्या खोबणीत एक जादा घडी. त्यावर ६ चं बँडेज पंजा आणि मनगटावर, ८ चं कोपराकडे, १० ची काखेपर्यंत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, ताण खालपासून वरपर्यंत सारखा. खाली मुद्दाम जास्त आवळायची गरज नसते. मनगट बारीक आणि दंड जाड असल्यामुळे सारख्याच ताणात मनगटावर दाब आपोआप जास्त पडतो. इथेच बहुतेक जण चुकतात. वर दंडाला आवळून 'सुटू नये' म्हणून गाठ मारतात, की पाणी खालीच कोंडतं. टोक कागदी टेपने चिकटवा, धातूच्या क्लिपा कातडीला बोचतात.

बांधून झालं की नख दाबून सोडा, २ सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. मुंग्या, बधिरपणा किंवा निळसर बोटं दिसली तर लगेच सोडायचं, 'बसेल हळूहळू' म्हणत थांबायचं नाही. बाकी २२-२३ तास बांधलेलं, आंघोळीपुरतं काढायचं.

बँडेज बांधून हात नुसता ठेवला तर अर्धा फायदा जातो. दिवसातून दोनदा: पोटातून खोल श्वास ५, खांदे फिरवणं, कोपर वाकवणं, मनगट वर-खाली, मूठ आवळणं-सोडणं, प्रत्येकी १० ते १५ वेळा. आणि 'या हाताने जन्मभर वजन उचलू नका' हा सल्ला आता जुना झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १४१ स्त्रियांच्या अभ्यासात, स्लीव्ह घालून हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक भडकण्याचे प्रसंग कमी झाले. कळशी एकदम उचलायची नाही, पण हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही.

खेपा चार धरा. पहिली सगळ्यात महत्त्वाची: पुण्यात ४-५ दिवस राहता आलं तर रोज बँडेज बांधून घ्यायचं आणि घरातल्या एका माणसाने तिसऱ्या दिवसापासून स्वतः बांधायचं, थेरपिस्टने फक्त बघायचं. मोबाइलवर एक पूर्ण बांधणी चित्रित करून ठेवा. दुसरी खेप दहा दिवसांनी, बांधणी तपासायला. तिसरी स्लीव्हच्या मापाला. चौथी स्लीव्ह घालून बघायला.

विचारणा आधी जिथे ऑपरेशन झालं तिथल्या फिजिओथेरपी विभागात करा, मग ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख असेल तर त्याच दिवशी तिथेही दाखवून घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: शॉर्ट स्ट्रेच वापरता का, दोन्ही हातांची मापं लिहून देता का, घरच्यांना शिकवता का. उत्तर नुसतं 'मशीनचे दहा सिटिंग' आलं तर दुसरीकडे बघा. त्या मशीनने, म्हणजे हवेच्या पंपाने पाणी दंडापर्यंत येतं, पण बांधलं नाही तर संध्याकाळपर्यंत परत खाली उतरतं.

मापपट्टी

स्लीव्हबद्दल. एम आणि एलला काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. मनगट एका साइझमध्ये आणि दंड दुसऱ्या साइझमध्ये बसत असेल, तर तयार स्लीव्ह कुठलीही रुतणारच. तेव्हा मापाची शिवून घ्यावी लागते.

'क्लास २' (दाबाची प्रत) एवढंच लिहून आणू नका. जर्मन क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिमी पारा, ब्रिटिश क्लास २ म्हणजे १८ ते २४, फ्रेंच १५ ते २०. चिठ्ठीवर मिमी पाऱ्याचा आकडा घ्या. हाताला बहुतेक वेळा जर्मन क्लास १, म्हणजे १८ ते २१, किंवा क्लास २ लागतो. ठरवायचं डॉक्टर किंवा थेरपिस्टने.

विणकामही विचारा. गोल विणीची स्लीव्ह बिनशिवणीची, पातळ, तयार मिळते. सपाट विणीची शिवण असलेली, जाडसर, मापावर होते. हाताला वळी पडत असतील किंवा पंजा सुजत असेल तर सपाट विणीचीच घ्या. गोल विणीची वळीत घुसते आणि तिथे दोरी बांधल्यासारखं होतं.

पंजा फुगतो याचं कारण सरळ आहे: स्लीव्ह मनगटाशी संपते आणि ढकललेलं पाणी पंजात साठतं. पंजाला सूज असेल तर ग्लोव्हही हवा. वरचं टोक दुमडू नका, दुमडलं की तिथे दाब दुप्पट. काखेजवळच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली दमट हवेत पुरळ येतं, तसं होत असेल तर बिनपट्टीची मागा.

सर्जिकलची मोठी दुकानं सदाशिव पेठेत औषधांच्या घाऊक बाजाराच्या आसपास आणि ससूनजवळ आहेत. निघण्याआधी फोन करून शॉर्ट स्ट्रेच शिल्लक आहे का आणि मापं घेणारा माणूस कुठल्या दिवशी असतो ते विचारा, नाहीतर फेरी फुकट जाईल. मापं सकाळी, बँडेज काढल्या काढल्या द्यायची. गावाहून एसटीने तीन तास हात लोंबकळत येऊन दुपारी दिलेलं माप चुकणारच, म्हणून येताना बँडेज बांधूनच या आणि दुकानात सोडा.

उपकेंद्र

लिम्फेडेमाच्या हाताचा खरा धोका जंतुसंसर्ग आहे आणि भातशेतीत तो रोज समोर असतो. विळ्याचा कट, काटा, चुलीचा चटका, बोटांच्या बेचक्यात चिखलाने झालेली कुज. लहान जखमही साबणपाण्याने धुऊन मलम लावून झाकायची. लावणीत तो हात चिखलात नकोच. आखूड रबरी मोज्यांत वरून पाणी शिरतं, त्याने काही साधत नाही.

हात अचानक लाल, गरम, दुखरा झाला किंवा थंडी वाजून ताप आला तर सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) समजा. बँडेज, स्लीव्ह, मालिश सगळं बंद, हात उशीवर, लालीच्या कडेने पेनने रेघ मारा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लाली रेघेबाहेर सरकत असेल, उलट्या किंवा ग्लानी असेल तर रात्र काढू नका. पावसात रस्ता बंद पडणारं गाव असेल तर अँटिबायोटिकचा एक कोर्स डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवावा, कधी सुरू करायचा तेही लिहून घ्यावं. मधल्या काळात शंका असेल तर ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर सेवा) मोफत सल्ला मिळतो, रेंज नसेल तर आरोग्य केंद्रातून जोडून देतात.

लघवी होण्याच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर विचारा कशासाठी. लिम्फेडेमात पाण्याबरोबर प्रथिनं अडकलेली असतात, ती या गोळ्यांनी निघत नाहीत. हृदयाचा किंवा बीपीचा आजार म्हणून चालू असतील तर मात्र बंद करू नका, आणि हृदयाचा त्रास असेल तर बँडेज सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

गुंजवणी

सगळ्यांचे आभार. आज सकाळी मापं घेतली. मनगटापासून वर: मनगट डावं १८, उजवं १६. १२ सेमीवर २६.५ आणि २३. २० सेमीवर २८ आणि २५. ३२ सेमीवर ३३ आणि ३१. यावरून किती सूज आहे ते कळतं का?

लसिका_फिजिओ

कळतं. दोन मापांमधल्या तुकड्याचं आकारमान असं काढतात: पहिल्या घेराचा वर्ग, दोन्ही घेरांचा गुणाकार, दुसऱ्या घेराचा वर्ग, तिघांची बेरीज. तिला दोन मापांतल्या अंतराने गुणून ३७.७ ने भागायचं, उत्तर मिलिलिटरमध्ये. तुमच्या आकड्यांवरून डावा हात साधारण १८४० मिली, उजवा १४८५. फरक ३५५, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. २० ते ४० टक्के ही मध्यम सूज. सकाळी कमी होते आणि खड्डा पडतो, म्हणजे हात अजून मऊ आहे, चांगला उतरू शकतो. चरबी साठून घट्ट झालेल्या हाताला इतकी आशा नसते, तेव्हा पुढच्या लावणीपर्यंत थांबू नका.

पुढची मापं दर ४ सेमीवर, कायम उठल्यावर, हात टेबलावर सरळ ठेवून, टेप न आवळता. खुणा पेनने केलेल्या असू द्या आणि दोन्ही हात मोजा. आठवड्यातून एकदा पुरे. सलग दोन आठवडे आकडे जागेवर राहिले की स्लीव्हच्या मापाला या. आकडे मध्येच वाढले तर आधी बांधणी बघा, बहुतेक वेळा सॉफ्ट रोल चपटा झालेला असतो किंवा बँडेज न धुता वापरून सैल पडलेलं असतं. धुतल्यावर ते पुन्हा आखडतं.

मापपट्टी

स्लीव्ह आल्यावर: सकाळी कोरड्या हातावर, भांडी घासायचे रबरी मोजे घालून, वरच्या काठाला न ओढता तळव्याने थोडी थोडी वर सरकवायची. तेल-क्रीम रात्री, कारण तेलाने रबर मरतं. स्लीव्ह झोपताना काढायची, रात्री लागलंच तर बँडेज. रोज कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. रोज वापरात साधारण सहा महिने टिकते. सहज सरकायला लागली की दाब संपला समजा.

दोन घ्या असं सगळे सांगतात. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सपाट विणीची स्लीव्ह दोन दिवस वाळत नाही, आणि चुलीवर किंवा इस्त्रीने वाळवली की गेलीच. तीन घ्या. एकदम नाही परवडली तर आधी एकच मापाची करून आठ दिवस वापरून बघा, बसली तर त्याच मापाच्या बाकी दोन पावसाच्या आधी, मेमध्ये मागवा. मापाचा कागद जपून ठेवा, दुकानात पुन्हा जावं लागणार नाही, स्पीड पोस्टने गावात येतील.