मदत हवी आहे: दोन कार्बोरेटर टाकले, आता गाडी गावात चालंना

लातूरची_ॲम्बी · रविवार रात्री १०.५२
नमस्कार मंडळी. थेट विचारतो. गाडीला दोन कार्बोरेटर टाकलेत. स्लो लागत नाही, म्हणजे पाय काढला की इंजिन चालू राहत नाही. १४०० आरपीएमच्या खाली आणलं की बंद. दुसऱ्या गिअरमधे हळू चालवताना झटके द्यायलीय, मागं बसणाऱ्याची मान दुखते. रिकाम्या रस्त्यावर पाय दाबला की मस्त पळते, तिथं तक्रार नाही. पण मला ती गंजगोलाईच्या बाजारातून काढायचीय, औसा रोडला रेस लावायची नाही. पुढच्या रविवारी भाच्याचं लग्न आहे आणि नवरदेव याच गाडीतून येणार हे मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय. मिस्त्री म्हणतो दोन्ही काढा, जुना एक लावा. ते सोडून काय ते सांगा. लवकर.

जालन्याचा_फिटर · रविवार रात्री ११.१०
भाऊ, गाडी कोणती? इंजिन कोणतं? कार्बोरेटर कोणते? दोन म्हणजे जोडी आहे का इकडचा एक तिकडचा एक? तुमच्या नावात ॲम्बी आहे म्हणून ॲम्बॅसिडर धरून चालू का?

टूस्ट्रोक_परभणी · रविवार रात्री ११.२४
सोपं आहे. माझ्याकडं १९८५ ची राजदूत ३५० मोटरसायकल आहे, तिला दोन मिकुनी कार्ब. एअर फिल्टर काढा, कार्बच्या तोंडात बघत हळूहळू रेस द्या. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलायला पाहिजेत. एक आधी उचलत असली तर केबलचा ॲडजस्टर फिरवा. दहा मिनिटांचं काम. आणि ऑइल पंपाची केबल त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर पिस्टन धरतो.

लातूरची_ॲम्बी · सोमवार सकाळी ७.०५
ॲम्बॅसिडरच की राव, दुसरी कोणती असणार. मार्क थ्री, १९७८. इंजिन ओरिजिनल १४८९ सीसी. कार्ब एसयू कंपनीचे, सव्वा इंची, जोडीच आहे. मॅनिफोल्डसकट (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळ्या) मुंबईहून आणले, जुन्या एमजी मॅग्नेट गाडीचे. इंजिन त्याच घराण्यातलं असल्यामुळं बोल्ट टू बोल्ट बसले.
परभणीकर, आमच्यात ऑइल पंप कार्बला नसतो हो. फोर स्ट्रोक आहे.

टूस्ट्रोक_परभणी · सोमवार सकाळी ७.३१
तत्त्व तेच असतं.

इसुझूवाला · सोमवार सकाळी ९.१५
कशाला त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या मागं लागायलाव? १९९२ पासून ॲम्बॅसिडरला कंपनीनंच इसुझूचं १८०० टाकलं, सोबत पाच गिअर. भंगारात अजून मिळतं. टाका आणि मोकळे व्हा. मी टाकलंय. पुण्याला जाऊन येतो, कधी बॉनेट उघडावं लागलं नाही.

जालन्याचा_फिटर · सोमवार सकाळी ९.४०
त्यांनी इंजिन विचारलंय का? रविवारी लग्न आहे. इंजिन बदललं की आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागतो, कलम ५२ आहे त्याला. तुम्ही घेतलाय का?

इसुझूवाला · सोमवार सकाळी ९.४४
आपण आपलं बघा.

नांदेडचे_नाना · सोमवार दुपारी १२.२०
बाळा, आधी प्लग काढून रंग सांग. चारही वेगवेगळे सांग, "काळपट आहेत" असं मोघम नको.
कारण ऐक. या इंजिनाच्या हेडला हवा आत जायला दोनच वाटा आहेत. एकीतून १ आणि २ नंबरचं सिलिंडर ओढतं, दुसरीतून ३ आणि ४. पुढचा कार्ब पहिल्या दोघांना, मागचा शेवटच्या दोघांना. मधे बारीक बॅलन्स पाइप असतो, पण तो सगळी चूक झाकत नाही. म्हणून कोणत्या कार्बचं पोट दुखतंय ते प्लग सांगतात.
आणि कार्बला हात लावायच्या आधी पॉइंटचा गॅप (१५ थाऊ, म्हणजे साधारण ०.४ मिमी), टायमिंग आणि टॅपेट बघितलेत का? ते हललेले असतील तर कार्ब किती पिळा, काही होत नाही. डॅशपॉटमधे, म्हणजे कार्बच्या वरच्या टोपीत, तेल कोणतं टाकलंय?

लातूरची_ॲम्बी · सोमवार दुपारी २.०२
नाना, पॉइंट नवे. टॅपेट मागच्या महिन्यात केले. १ आणि २ काळे कुळकुळीत, काजळ धरल्यावानी. ३ आणि ४ पांढरे. पेट्रोल लिटरला ६ च्या वर जाईना.
डॅशपॉटमधे तेल टाकायचं असतं?

नांदेडचे_नाना · सोमवार दुपारी २.०९
अरे देवा.

ऊसवाला_धाराशिव · सोमवार दुपारी ३.३०
कार्ब सोडा, पेट्रोल बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगला गाडी लीन चालते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. वर त्या एसयूमधल्या कॉर्कच्या वॉशरांचा आणि रबराचा भुगा होतो तो वेगळाच. मी गेल्या वर्षी भावाच्या फियाटचे सगळे पाइप बदलले.

टूस्ट्रोक_परभणी · सोमवार दुपारी ३.४८
आणि ते इथेनॉल कुठून येतंय? तुमच्याच उसापासून. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपण त्याच पाण्यावरचा ऊस टाकीत ओतायलोय.

ऊसवाला_धाराशिव · सोमवार दुपारी ३.५५
सोयाबीनला भाव द्या, उद्या ऊस मोडतो. बोलायला काय जातंय.

जालन्याचा_फिटर · सोमवार दुपारी ४.१२
ऊस दुसरीकडं काढा, लई झालं.
इथेनॉलनं लीन होणार असतील तर चारही प्लग पांढरे झाले असते. दोनच पांढरे आहेत. मला मागच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग लीक वाटतं. इंजिन चालू ठेवून जोडावर स्प्रे मारा, रेस बदलली तर तिथून हवा ओढतंय. जपून, खाली सायलेन्सरचं मॅनिफोल्ड लालबुंद असतं. बटरफ्लायचा (रेसच्या झडपेचा) दांडा हलवून बघा, झिजला असेल तर तिथूनही ओढतो. लेथवर बूश मारून घ्यावे लागतील.

नांदेडचे_नाना · सोमवार संध्याकाळी ६.४०
लीक असू शकतं, पण आधी फुकटात होणारी तपासणी करा.
दोन्ही डॅशपॉटच्या वरचा नट सोडून आतला दांडा काढा. जेट (पेट्रोल येतं ती बारीक नळी) खालून पूर्ण वर घ्या. एअर फिल्टर काढून बोटानं कार्बचा पिस्टन वर उचला आणि सोडा. खाली पडताना टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. दोन्हींचा. सावकाश, आवाज न करता बसला तर तो अडकतोय.

जालन्याचा_फिटर · सोमवार संध्याकाळी ६.५८
नाना, मान राखून बोलतो, तीस वर्षं फिटर आहे. लीक आधी बघावं.

नांदेडचे_नाना · सोमवार संध्याकाळी ७.०३
मी चाळीस वर्षं या गाड्या उघडतोय. दोन्ही बघा, पण बोट आधी.

लातूरची_ॲम्बी · मंगळवार सकाळी ८.१५
केलं. पुढचा टक् करतो. मागचा अर्ध्यावर येऊन थांबतो, बोटानं दाबल्यावर खाली जातो. स्प्रेही मारला, काही फरक नाही.
एक सांगायचं राहिलं. बसवायच्या आधी मिस्त्रीनं दोन्ही कार्ब खोलून एकाच परातीत पेट्रोलनं धुतले होते. आणि गाडी बंद पडायलीय म्हणून पुढच्या कार्बचा जेट तीनदा खाली केला. हे महत्त्वाचं आहे का?

नांदेडचे_नाना · मंगळवार सकाळी ८.३१
हेच महत्त्वाचं आहे! आधी का सांगितलं नाहीस?
एसयूचा पिस्टन आणि त्याच्यावरची टोपी कारखान्यातनं जोडीनं येते. दोन्हींमधली जागा इतकी कमी असते की एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या टोपीत घातला की घासतो. तुझ्या मिस्त्रीनं परातीत अदलाबदल केलीय. मागचा पिस्टन वरच अडकून राहतो, जेटवर ओढ कमी पडते, पेट्रोल येत नाही, ३-४ पांढरे. ते दोघं काम करत नाहीत म्हणून पुढच्या जेटमधनं पेट्रोल ओतलं, १-२ काळे.
टोप्या बदल. फक्त टोप्या, पिस्टन जागेवर राहू दे, नाहीतर त्यांच्या खालच्या सुया पण बदलतील. टक् आला की दांड्यांच्या भोकात २० नंबरचं पातळ तेल. टोपीवरचा नट अजून पाव इंच वर असतानाच दांड्याला तेलाचा विरोध लागला पाहिजे, एवढं. गिअर ऑइल टाकू नकोस.
मग दोन्ही जेट वर, पुलाच्या (कार्बच्या गळ्यातल्या उंचवट्याच्या) पातळीला आण. तिथून खालचा नट १२ बाजू, म्हणजे दोन फेरे, खाली. दोन्हींना सारखं. ही सुरुवात.
मधल्या दांड्याचे क्लॅम्प ढिले कर, म्हणजे दोन्ही बटरफ्लाय मोकळे होतील. गाडी गरम कर. पाण्याच्या रबरी नळीचा दोन फुटांचा तुकडा घे, एक टोक कानाला, दुसरं पुढच्या कार्बच्या तोंडाशी. सूं आवाज ऐक. मग मागच्याला. दोन्हींचा सूर सारखा होईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरव. क्लॅम्प आवळताना दोन्ही हलू देऊ नकोस, सगळी मेहनत तिथंच वाया जाते.
शेवटी प्रत्येक कार्बची खालची पिन एवढीशी उचल, पिस्टन मिलिमीटरभरही उठता कामा नये. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त, नट वर घे. बंद पडायला लागली तर कमी, खाली घे. किंचित वाढून परत जागेवर आली की सोड. एका वेळी एकच बाजू.

पीयूसी_बीड · मंगळवार सकाळी ११.२६
नानांचं झाल्यावर जवळच्या पीयूसी सेंटरला नेऊन नळी आत घालायला सांगा. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवतं मशिन. जुन्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्क्यांची हद्द. ५-६ दिसलं तर पेट्रोल वाया चाललंय, अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलं तर हळू चालवताना झटके देणारच. दोन्ही कार्बचा मिळून एकच आकडा येतो, म्हणून कोणता चुकलाय ते कळणार नाही, पण एकूण अंदाज येतो. सर्टिफिकेटही निघून जाईल.

इसुझूवाला · मंगळवार दुपारी १.०५
इसुझूला हे काहीच करावं लागत नाही.

लातूरची_ॲम्बी · बुधवार रात्री ९.४८
नाना, कुठं आहात, पाया पडतो. टोप्या बदलल्या. दोन्ही टक्! बायको म्हणाली, काय टकटक लावलीय सकाळपासून. नळीनं सूर लावला. पहिल्यांदा क्लॅम्प आवळताना हललाच, परत केलं. आता स्लो ८५० ला बसतो, शेजाऱ्यानं विचारलं गाडी बंद आहे का. पीयूसीवर २.४ आलं. दुसऱ्या गिअरमधे गंजगोलाईला एक फेरा मारला, मान दुखली नाही.
एकच राहिलं. भर दुपारी चहाला दहा मिनिटं थांबलो, परत सुरू व्हायला लई वेळ लागला. परत लागली की दोन मिनिटं खोकते, मग ठीक. हेही टोपीचंच का?

जालन्याचा_फिटर · बुधवार रात्री १०.०६
नाही. या इंजिनात हवेचा आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. गाडी थांबली की पंख्याची हवा बंद, खालची उष्णता वर, कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं. मधे दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावा आणि कार्बच्या पाठीला बेकलाइटची पट्टी. जालन्याला आलात तर पत्रा मी कापून देतो, पैसे नको. आणि नाना, लीक नव्हतं हे मान्य.

नांदेडचे_नाना · बुधवार रात्री १०.१४
पत्र्याचं फिटर बरोबर सांगतो. रविवारपर्यंत झालं नाही तर थांबल्यावर बॉनेट उघडं ठेव. आणि लग्नाला जाळीवर फुलांच्या माळा लावू देऊ नकोस, रेडिएटरला हवा मिळत नाही. वरात चालण्याच्या वेगानं जाते, ॲम्बॅसिडर मंगल कार्यालयाच्या दारात उकळते. मी दोन वेळा बघितलंय.

लातूरची_ॲम्बी · बुधवार रात्री १०.२०
माळांची ऑर्डर ताईनं कालच दिली. जाळीवर सात पदर. तिला कोण सांगणार?

इसुझूवाला · बुधवार रात्री १०.२३
पत्ता पाठवा. रविवारी माझी गाडी मागं उभी ठेवतो.