सव्वा महिना झाला, आता पुढे? पहिलटकरणींचे अनुभव

डिंकाचे लाडू किती खाल्ले, अळिवाच्या खिरीने दूध वाढलं का, या गप्पा आपण कोणाशीही मारतो. बाळंतपणानंतर पहिल्यांदा नवऱ्याजवळ गेलो तेव्हा काय झालं, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. म्हणून हा धागा. नाव लिहू नका, गाव लिहिलं तर चालेल. टाके, कोरडेपणा, नकोसं वाटणं, हवंसं वाटणं, पाळी, तांबी, लघवीचे त्रास, काहीही लिहा. सुरुवात मीच करते.

पुणे, नॉर्मल डिलिव्हरी, लेक अकरा महिन्यांची

खालून टाके होते. माहेरी सव्वा महिना शेक, धुरी, मालिश सगळं साग्रसंगीत झालं. सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले. डॉक्टरांनी टाके पाहिले, "छान भरलंय, आता संबंध यायला हरकत नाही" म्हणाले. तेही नवऱ्याकडे बघून. सर्व्हिसिंग झालेली गाडी मालकाच्या ताब्यात देतात तसं.

अडीच महिन्यांनी सासरी आले. पहिल्या रात्री इतकं झोंबलं की टाके उसवले असंच वाटलं. बाथरूममध्ये बसून हातातल्या आरशात, मोबाईलच्या टॉर्चने पाहिलं. काहीच फाटलं नव्हतं! मग दोन महिने मी "हळू, बाळ उठेल" या एका वाक्यावर काढले. नवरा चिडला नाही, पण गप्प झाला, आणि ते जास्त लागलं.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे एकटी गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. अंगावर पाजत असताना शरीरातलं इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनीची त्वचा पातळ आणि कोरडी पडते. पाळी जाताना होतं ना, तसंच. म्हणजे माझी आणि आईची तक्रार त्या वर्षी एकच होती, फक्त दोघीही बोलत नव्हतो. दुसरं, टाक्याच्या जागी एक कडक गाठ झाली होती. तिला स्वच्छ बोटाने रोज हलका मसाज करायला शिकवलं. पाण्याचा बेस असलेलं जेल लिहून दिलं. तोवर आम्ही खोबरेल वापरत होतो, निरोधबरोबर. तेलाने निरोधचं रबर कमकुवत होतं, हे दोघा इंजिनिअरांना कळू नये!

दुखणं जायला आणखी तीन महिने लागले. आता ठीक आहे. रोज नाही, पण ठीक.

ठाणे, सिझर, मुलगा सात महिन्यांचा

"तुझं बरंय, वरून काढलं, खाली सगळं शाबूत." हे मला सासूबाई, जाऊ आणि ऑफिसातल्या तिघींनी ऐकवलं. कोरडेपणा मलाही तेवढाच आला, कारण अंगावर मीही पाजतेच. वर टाक्यांच्या भोवतीची त्वचा अजून बधिर आहे. तिथे हात लागला की दुसऱ्याच कोणाच्या पोटाला लागल्यासारखं वाटतं. आम्ही कुशीवर झोपून जमवतो, पोटावर वजन नको म्हणून. बाकी काही खास नाही.

नाशिक, मोठा दीड वर्षाचा, धाकटी तीन महिन्यांची

होय, बरोबर वाचलंत. "अंगावर पाजतेयस ना, मग दिवस राहत नाहीत," असं आईने सांगितलं होतं. आईचं पूर्ण चूक नव्हतं, अर्धवट होतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध हवं. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ते चालतं. मी चौथ्या महिन्यात ऑफिसला जायला लागले आणि दुपारी वरचं दूध सुरू झालं. पाळी आली नव्हती म्हणून निर्धास्त होते. पण बीज पाळीच्या आधी तयार होतं, पहिली पाळी त्याच्यानंतर येते. मला पहिली पाळी आलीच नाही. थेट मळमळ आली.

धाकटीवर जीव आहे. तरी ते नऊ महिने कसे गेले, माझं मला माहीत.

सोलापूर जिल्हा

मी उपकेंद्रात सिस्टर आहे. स्वतःचं लेकरू चार वर्षांचं झालं, तरी लिहिते. बाया सगळं विचारतात, पण निघताना, दाराशी उभं राहून, पदर तोंडाला लावून. "ताई, तांबी बसवली तर मालकाला टोचती का?" नाही टोचत. दोरा बारीक असतो, लागलाच तर कापून आखूड करतो. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते, ती राहून गेली तर सहा आठवड्यांनी.

नको असेल तर अंतरा आहे, तीन महिन्यांतून एक इंजेक्शन. बाळाला पाजणारीला ते सहा आठवड्यांनंतर देतो. पाळी मागेपुढे होते हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर बाई घाबरून दुसऱ्यांदा येतच नाही. छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाजणारीला चालते. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे.

एक मात्र राग येऊन लिहिते. पंधराव्या दिवशी ताप आणि घाण वासाचं जाणं घेऊन बाई येते. विचारलं तर खाली बघते. टाके ओले असताना नवऱ्याने ऐकलं नाही. अशा वेळी मी नवऱ्याला आत बोलावते आणि सासूलाही. लाज त्यांना वाटू दे.

म्युनिक, जर्मनी

इथे हेबामे, म्हणजे सुईण म्हणा, बाळंतिणीच्या घरी येते. माझी सहाव्या दिवशी चहा पिताना सहज म्हणाली, "ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जागे झाले का?" मला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे. नंतर त्या स्नायूंसाठीच दहा तासांचा वर्ग असतो आणि तो विम्यात बसतो. बारा बायका चटयांवर पडून श्वास सोडत लघवी अडवल्यासारखे स्नायू वर ओढतायत आणि बारा बाळं रडतायत. आई व्हिडिओ कॉलवर पाहून म्हणाली, "आमच्या वेळी पोट बांधायचे." पोट बांधून कमरेला बरं वाटत असेल, आत ढिले पडलेले स्नायू त्याने घट्ट होत नाहीत.

डोंबिवली, वन रूम किचन

दुखलं वगैरे काही नाही. मला इच्छाच नव्हती. दिवसभर बाळ अंगाला चिकटलेलं, रात्री आणखी कोणी हात लावला की अंगावर काटा यायचा. सासूबाई किचनमध्ये झोपायच्या, मधे फक्त पडदा. नवऱ्याला वाटलं, मी त्याला टाळतेय. आंघोळ करताना उगाच रडू यायचं, ते मी कोणाला सांगितलं नाही. आठव्या महिन्यात मावसबहिणीने ओढत डॉक्टरकडे नेलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. औषध सुरू झालं, पाजणं थांबवावं लागलं नाही. इच्छा हळूहळू, खूप नंतर आली. आली तेव्हा सासूबाई गावाला गेल्या होत्या, हाही योगायोग असेल!

कोल्हापूर

मला पाचव्या आठवड्यातच हवंसं वाटायला लागलं. मीच विचारलं. नवरा म्हणाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मला आठवडाभर वाटत होतं, चांगल्या आया अशा नसतात.

गोवा, लेक नऊ महिन्यांची

शिंक आली, हसले, जवळ आलो, की थेंबभर लघवी. शेवटच्याची इतकी लाज वाटायची की खाली टॉवेल घालून ठेवायचे आणि कारण विचारलं की "गादी नवीन आहे" म्हणायचे. म्युनिकवाली, ते स्नायू वर ओढल्यावर किती सेकंद धरून ठेवायचे ते लिहिशील का? मी दहापर्यंत मोजते, पण चारलाच सुटतं.

म्युनिक

चारलाच सुटत असेल तर तीनच सेकंद धर, तेवढाच वेळ सैल सोड, आणि असं आठ-दहा वेळा कर. दिवसातून तीनदा. माझीही सुरुवात दोनवरच झाली होती. श्वास रोखू नको. दीड-दोन महिन्यांत फरक नाही पडला तर फिजिओला दाखव. आणि टॉवेल असू दे, आमच्याकडे अजून आहे.